काकींचं उठणं

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं विचारलं तर लोकांना वाटतं, मी वस्तादांचं नाव घेईन, नाहीतर कॉलेजातल्या एखाद्या सरांचं. ते उपकार सांगलीतल्या एका बाईंचे आहेत. हळदीच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या, जैन, विधवा, साठीच्या आसपासच्या. मी त्यांना काकी म्हणतो. मी पर्सनल ट्रेनर आणि त्या माझ्या क्लायंट, एवढ्यावरून आमची ओळख झाली. त्यांना जमिनीवरून उठायला मी शिकवलं. त्यांनी मला काय दिलं हे सांगायला मात्र थोडं मागं जावं लागेल.

आमचं गाव वडूजच्या पुढं, माळावर. वडील खडीच्या क्रशरवर कामाला होते. ते मारायचे. मला कमी, आईला जास्त. कशानं मारायचं हे ठरलेलं नसायचं. चप्पल, चाबूक, एकदा चुलीवरचा तापलेला तवा. आई पडली की मी तिला उठवायला धावायचो, तेव्हा वडील म्हणायचे, "हात लावू नगंस. उठंल तिची ती." आणि ती उठायचीच. पदर सारखा करायची आणि अर्धी राहिलेली भाकरी पुन्हा थापायला घ्यायची. लाटेसारखा आलेला मार ओसरला की घरात भाकरी थापटण्याचा आवाज यायचा. तो आवाज ऐकला की मला हायसं वाटायचं.

तालमीतही तोच नियम होता. आमच्या वस्तादांची पद्धत अशी की पडलेल्या पोराला कुणी हात द्यायचा नाही. ज्यानं दिला त्याच्या पाठीवर निरगुडीचा ओला फोक बसायचा. पडलेल्याला नाही, हात देणाऱ्याला. एकदा माझ्यापेक्षा दांडग्या पोराचा गुडघा माझ्या नाकावर बसला. हाड मोडल्याचं मला आधी ऐकू आलं, दुखलं नंतर. रक्त गळून तांबडी माती काळी झाली. वस्तादांनी मूठभर माती माझ्या तोंडावर टाकली आणि म्हणाले, "ऊठ रं गड्या. हितं काय लगीन लागलंय व्हय तुजं, पाटावर बसल्यागत बसलायस?" सगळी तालीम हसली. मी उठलो, आणि त्याच पोराला कंबरेतून उचलून असा आपटला की त्याचा खांदा निखळला. संध्याकाळी वस्तादांनी मला त्यांच्या हातानं दूध दिलं. माझं नाक अजून वाकडं आहे. बरीच वर्षं मी ते लोकांना कौतुकानं दाखवत असे.

पुढं मी साताऱ्याला राहून बी. ए. झालो. आमच्या घरात दहावीच्या पुढं गेलेला मी पहिला. पदवीचा कागद आईनं देवाजवळ ठेवला आणि विचारलं, "ह्येच्यात तुजं नाव कुटं हाय?" मी बोट ठेवून दाखवलं. तिनं त्या जागेला हळदकुंकू लावलं. तो डाग अजून त्या कागदावर आहे. एका नोकरीच्या मुलाखतीत साहेबांनी विचारलं, हे काय सांडलंय. मी नुसता हसलो. मग पुण्यात ट्रेनरचा कोर्स केला आणि सांगलीत एका जिममध्ये लागलो.

जिम तळमजल्यावर होती. भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ डोक्याच्याही वर होती. मालकानं रंग देताना ती मुद्दाम ठेवली होती. नळाचं काम झाल्यावर उरलेला प्लास्टिकच्या पाइपचा एक तुकडा तिथं पडला होता, तो मी उचलला. कुणी बैठक अर्धी मारली की मांडीवर एक, कुणी थांबला की पाठीवर एक. मला वाटलं होतं, शहरातली माणसं तक्रार करतील. उलट माझी बॅच भरायला लागली. "सर, काल लय उमटलं राव. बायकोनं विचारलं, कुणाशी भांडून आलाय." हे सांगताना त्या माणसाचा चेहरा खुललेला असायचा. बँकेत काम करणारे, दुकानं असणारे, डॉक्टरसुद्धा, सगळे माझ्या पाइपखाली घाम गाळायचे. मार खाल्ल्याशिवाय माणूस घडत नाही अशी त्यांचीही कुठंतरी खात्री असावी. माझी तर होतीच.

माझ्या संध्याकाळच्या बॅचला एक मुलगा होता. माझ्याच वयाचा, मार्केट यार्डात हळदीची अडत. कपड्यांना कायम हळदीचा वास. आला तेव्हा बारीक होता. मी त्याचे दंड, छाती, खांदे घडवले. ट्रेनरला आपण घडवलेल्या अंगाचा अभिमान असतो, तसा मला त्याचा होता. बोलायला गोड, मोठ्यांच्या पाया पडणारा. राग मात्र वाईट. एकदा मशिनवर आधी कोण यावरून एकाशी त्याची बाचाबाची झाली आणि कुणाला कळायच्या आत त्यानं लोखंडी प्लेट त्या माणसाच्या तोंडावर मारली. दात पडला, ओठ फाटून लोंबायला लागला. आणि दुसऱ्याच क्षणी यानं त्याला लहान पोरासारखं उचललं, स्वतःच्या गाडीवर घालून दवाखान्यात नेलं, टाके घालताना त्याचा हात धरून रडला, आणि रोज शहाळं घेऊन त्याच्या घरी गेला. महिन्याभरात दोघं एकत्र व्यायाम करायला लागले. "मनानं लय चांगलाय," सगळे म्हणायचे. "राग तेवढा सोडला तर." मीही तेच म्हणायचो.

एके दिवशी तो म्हणाला, "सर, आईचे गुडघे धरलेत. वजन पण वाढलंय. घरी येऊन घ्याल का तिचं ट्रेनिंग? जिममध्ये यायला लाजते ती."

असा मी काकींच्या घरी गेलो. सकाळची वेळ, तो दुकानात गेलेला. काकी लग्नाआधी शाळेत शिकवायच्या, त्यामुळे पहिल्याच दिवशी त्यांनी मला वर्गात उशिरा आलेल्या पोरासारखं खालपासून वरपर्यंत बघितलं.

"तूच काय तो सर?"

"हो काकी. किती वजन कमी करायचंय आपल्याला?"

"वजन-बिजन राहू दे. वजनानं माझं काय वाईट केलंय?" त्या म्हणाल्या. "मला जमिनीवरनं उठता यायला पाहिजे. कुणाचा हात न धरता. जमतंय का सांग, नाहीतर चहा पिऊन जा."

मला वाटलं, मंदिरात खाली बसावं लागतं, त्यासाठी म्हणत असतील. तसं मी विचारलंही. "तसंच समज," त्या म्हणाल्या. उजवा खांदा त्यांना वर नेता येत नव्हता. पडले होते बाथरूममध्ये, म्हणाल्या. उजव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नव्हती. तीही बाथरूममध्येच.

आम्ही दिवाणापासून सुरुवात केली. दिवाणावरून हात न टेकता उठायचं. ते जमल्यावर स्टूल, मग त्याहून खाली पाट, आणि शेवटी फरशी. जमिनीवरून उठताना आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर, मग एका गुडघ्यावर. स्टूल जवळ असेल तर त्यावर हात ठेवायचा, नसेल तर स्वतःच्याच मांडीवर. सांगायला सोपं आहे. जाड, दुखऱ्या, भ्यालेल्या अंगाला ते डोंगर चढण्याइतकं जड जातं.

काकी स्टुलाच्या पुढं जाईनात. पाटावर बसल्या की अर्ध्यातून परत बसायच्या आणि गप्पा सुरू करायच्या. एका सकाळी माझा धीर सुटला. जिममधून तसाच आलो होतो, पाइप हातात होता. त्यांना मारायचा प्रश्नच नव्हता, मोठ्या बाई. मी नुसता फरशीवर आपटला. फाडकन आवाज झाला.

काकी पाटावरून बाजूला कोसळल्या. दोन्ही हात डोक्यावर, गुडघे पोटाशी, तोंड भिंतीकडं. जो हात महिनाभर वर जात नव्हता तो क्षणात डोक्यावर गेला होता. त्यांनी आवाज केला नाही. मार चुकवायची एक पद्धत असते, ती शिकवून येत नाही. डोकं आणि छाती झाकायची आणि पाठ द्यायची. आमच्या घरी चुलीजवळ मी ती कितीतरी वेळा बघितली होती. मी तिथंच उभा राहिलो. काय झालंय हे मला कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

थोड्या वेळानं काकींनी हात खाली घेतले. तोंड भिंतीकडंच ठेवून म्हणाल्या, "तो पाइप बाहेर ठेवून ये. चपलांजवळ."

मी ठेवून आलो. येताना पाणी आणलं. त्या बसल्या, पाणी प्यायल्या.

"तो मारतो?" मी विचारलं.

"तुझ्या बॅचला जायला लागल्यापासून जरा जास्त लागतं," त्या म्हणाल्या, आणि माझा चेहरा बघून हसल्या. "अरे, चेष्टा केली. आधीपासनं मारतो. ह्याचे वडील गेले त्या वर्षापासनं."

मग त्यांनी सांगितलं. जैन रिवाजाप्रमाणं दिवस मावळला की त्या चूल पेटवत नाहीत; जेवण त्याआधीच. मुलगा जिममधून अंधार पडल्यावर भुकेला यायचा आणि त्याला गरम पाहिजे असायचं. गार भाकरी दिसली की ताट भिंतीवर. मग त्या. केस धरून डोकं स्वयंपाकाच्या कट्ट्यावर आपटायचा. बोटं दारात घालून दार लावलं होतं. खांदा लाथेनं गेला होता. हे सगळं त्या पाढे म्हणाव्यात तशा एका सुरात सांगत होत्या.

"माराचं काय," त्या म्हणाल्या, "अंग विसरतं. खरं तो नंतर काय करतो सांगू? मी पडलेली असते. उठता येत नाही मला. मग तोच येतो. रडतो. आई, चुकलो म्हणतो. दोन्ही हातांनी मला उचलतो, दिवाणावर ठेवतो, हळद लावतो, पाय चेपतो. आता ज्यानं उचललं त्याला माफ केल्याशिवाय कसं चालेल? त्याच्याच दंडाला धरून उभी असते मी. किती वेळा ठरवलं, आज माफ करायचं नाही. पण उठायचं कुणाला धरून?"

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "म्हणून म्हटलं तुला, मला हात न धरता उठता यायला पाहिजे."

मी म्हणालो, "आज संध्याकाळी येतोय तो बॅचला. बघतो त्याच्याकडं."

"काय बघणार आहेस?"

"हात मोडून ठेवतो."

"आणि मग?" काकी म्हणाल्या. "मग तुला वाईट वाटंल. मग तूच त्याला दवाखान्यात नेशील. असला एक आहे माझ्या घरात, दुसरा नको. सर आहेस ना? शिकवायला आलायस, शिकव."

त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा आला, नेहमीसारखा हसला. बेंचवर उताणा झाला आणि जड बार छातीवर घेतला. मी डोक्याशी उभा होतो. अडकला तर बार उचलायचं माझं काम. शेवटच्या वेळी बार वर गेलाच नाही. छातीवर बसला, मग घसरून गळ्याकडं आला. त्याचा चेहरा लाल, मग जांभळा झाला. डोळे माझ्याकडं. "सर," एवढंच त्याच्या तोंडातून आलं. माझी बोटं बारखाली होती. ती मी आवळली नाहीत. आजूबाजूला गाणी मोठ्यानं लागली होती, कुणाचं लक्ष नव्हतं. त्याचे पाय फरशीवर घासायला लागले. मला त्याच्या मानेची फुगलेली शीर दिसत होती आणि मनात फक्त काकींची न मिटणारी बोटं होती. मला असं वाटलं की मी काही करायचंच नाहीये, नुसतं उभं राहायचंय.

मग लक्षात आलं, हा आज मेला नाही तर घरी जाणार, आणि जे मी इथं त्याच्या गळ्यावर ठेवलंय ते हा तिथं जाऊन काकींवर उतरवणार. मी बार उचलला. तो उठून बसला, खोकला, ओकारी आली त्याला. मग म्हणाला, "आज लय ताणलंत सर," आणि माझ्या पाया पडला. पाइप मी त्या दिवशी कचऱ्यात टाकला. बॅचमधली माणसं बरेच दिवस विचारत होती, सर, तुम्ही आजारी आहात का.

दुसऱ्या दिवसापासून काकींचं आणि माझं काम वेगळं झालं. मी ओरडायचं सोडलं. ओरडल्याशिवाय शिकवायचं कसं हे मला माहीत नव्हतं. तेही त्यांनीच शिकवलं. "पोरांना फळ्यावर काढून दाखवतात तसं दाखव," त्या म्हणायच्या. "आधी तू पड. मला बघू दे." मग मी फरशीवर पडायचो, हळूहळू उठायचो, आणि त्या दिवाणावर बसून चुका काढायच्या. "गुडघा आधी आणलास. तूच म्हणालास ना, कोपर आधी?" मधे दोनदा त्यांच्या अंगावर नवे वळ आले. एकदा डोळा पूर्ण बंद होता. त्या दिवशी मी परत निघालो तर म्हणाल्या, "डोळ्यानं उठायचं असतंय का? चल." पोलिसांत जाऊ म्हटलं की म्हणायच्या, "जाईन. स्वतःच्या पायानं जाईन. उचलून नेलेल्या बाईचं कोण ऐकतं?"

पावसाळा सरत आला तेव्हा पाट जमला. फरशी जमत नव्हती. अर्ध्यातून त्या मागं पडायच्या, आणि मी हात पुढं करायचो तेव्हा हातावर चापट मारायच्या. मला वस्तादांचा फोक आठवायचा. तालमीत हात नको हे वस्ताद ठरवायचे, पडलेल्याला कुणी विचारत नसे. इथं ते काकी स्वतः ठरवत होत्या. हा फरक माझ्या पदवीच्या तीन वर्षांत मला कुणी सांगितला नव्हता.

भाद्रपदात जैनांचं पर्व असतं. दहा दिवस उपास, पूजा, आणि ते संपल्यावर एक दिवस क्षमेचा. त्या दिवशी सगळे एकमेकांच्या घरी जातात, हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा मागतात. धाकटे मोठ्यांच्या पाया पडतात. काकींनी मला मुद्दाम बोलावलं होतं. सकाळी गेलो तर बाहेर चपलांचा ढीग, आत शेजारचे काका-काकू, दोन म्हाताऱ्या बायका, पोरंटोरं. काकी दिवाणावर बसलेल्या, उपासांनी चेहरा उतरलेला.

मुलगा आतून आला. पांढरे कपडे, कपाळाला गंध. सगळ्यांसमोर तो काकींपुढं वाकला. काकींनी पाय वर घेतले आणि साडीत झाकले.

तो हसला. "आई, पाय दे की."

"नको," काकी म्हणाल्या.

"लोक बघालेत आई."

"बघू देत की."

त्यानं साडीतून पाय ओढून काढायचा प्रयत्न केला. काकींनी झटका दिला. तेवढंच झालं. माझ्या ओळखीचा चेहरा जाऊन त्याच्या जागी दुसरा आला. त्यानं काकींच्या कानाखाली मारली आणि दंडाला धरून दिवाणावरून खाली खेचलं. काकींचं कपाळ दिवाणाच्या कडेवर आपटलं. त्या फरशीवर पडल्यावर त्यानं त्यांच्या बरगडीत लाथ घातली. ते पाऊल उघडं होतं, तरी ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज झाला. एक म्हातारी किंचाळली. शेजारचे काका "अरे, अरे" करत जागच्या जागी राहिले. मी मधे गेलो, त्याचा हात मागं पिळून त्याला भिंतीला दाबला. त्याच्या खांद्याचं हाड माझ्या हाताखाली होतं. थोडं वर नेलं असतं तर निखळलं असतं. कसं निखळतं ते मला माहीत होतं.

"सोड त्याला," खालून काकींचा आवाज आला.

मी सोडलं. आणि जसा काकींनी सांगितला होता तसाच तो वागला. गुडघ्यावर बसला, रडायला लागला, दोन्ही हात पुढं केले. "आई, चुकलो. ऊठ आई. चल, मी उठवतो."

"हात लावू नकोस," काकी म्हणाल्या. मी पुढं झालो होतो, तर माझ्याकडं बघून, "तू पण नको, सर."

कपाळातून रक्त येऊन डोळ्यात जात होतं. त्या कुशीवर वळल्या. थांबल्या. श्वास घेताना बरगडी दुखत असावी, तोंड वाकडं झालं. मग कोपरावर आल्या. खोलीत कुणी हलत नव्हतं. कोपरावरून तळहातावर. फरशीवर रक्ताचा पंजा उमटला. मग एक गुडघा. तिथं त्या नेहमी मागं पडायच्या. मागं झुकल्यासुद्धा, मुलाचे हात लगेच पुढं आले. त्यांनी त्या हातांकडं एकदा बघितलं, स्वतःच्या मांडीवर तळवा रोवला आणि उठल्या. उभ्या राहिल्यावर डुलल्या, पण कशाला धरलं नाही.

पदर सारखा केला. मग हात जोडून मुलाला म्हणाल्या, "क्षमा आहे. मनापासून आहे. आता कपडे भर आणि दुकानाच्या माडीवर राहायला जा. या घरात परत यायचं नाही."

"वहिनी, आजचा दिवस कसला आणि काय बोलताय तुम्ही?" शेजारचे काका म्हणाले. "घरातलं घरात मिटवा."

"घरातच मिटवत होते भाऊजी इतकी वर्षं. तुम्ही ऐकत होता की भिंतीपलीकडनं." काकींनी चपला घातल्या. कपाळ पुसायला मी रुमाल दिला तर म्हणाल्या, "आत्ता नको. साहेबांना दिसू दे आधी."

पोलीस ठाण्यापर्यंत त्या चालत गेल्या. मी एक पाऊल मागं होतो. रस्त्यानं लोक क्षमेच्या भेटी घ्यायला निघालेले, ओळखीचे हात जोडायचे, मग चेहरा बघून थबकायचे. काकी प्रत्येकाला हात जोडत होत्या. ठाण्यातला हवालदार म्हणाला, "मुलगाच आहे ना आजी? बसा, समज देतो त्याला." काकी म्हणाल्या, "बसत नाही. लिहून घ्या, मी उभी आहे." आणि लिहून होईपर्यंत उभ्या राहिल्या. नंतर दवाखान्यात कळलं, दोन बरगड्या मोडलेल्या होत्या.

मुलगा माडीवर राहायला गेला. दरवर्षी क्षमेच्या दिवशी उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहतो. काकी हात जोडतात, क्षमा आहे म्हणतात, आणि दार लावून घेतात. पुढं मी साताऱ्यात स्वतःची छोटी जागा घेतली. तिथं सकाळी मोठ्या वयाच्या बायकांचा एक वर्ग चालतो. त्यात फक्त जमिनीवरून उठायला शिकवतो. कुणाला का शिकायचंय हे मी विचारत नाही.

काकींना फोनवर लांबलचक बोललेलं आवडत नाही. कागदावर लिही म्हणतात, चुका काढता येतात. मागच्या महिन्यात त्यांना जे पत्र पाठवलं ते इथं देतो.

तीर्थस्वरूप काकींना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करून परत पाठवलेलं माझंही मिळालं. यावेळी लाल शाई कमी लागली, असं तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं.

आई मधे पंधरा दिवस साताऱ्यात होती. वर्गाला यायची, पण करायची काही नाही. कोपऱ्यात बसून बघायची. चल म्हटलं की म्हणायची, "मला येतंय उठाया. मला कवा कुणी उठवलंय?"

गेल्या रविवारी तिला गावी सोडायला गेलो. वडिलांची डावी बाजू गेल्या वर्षीपासून लुळी आहे, हे तुम्हाला लिहिलं होतं. मी गाडीतून पिशव्या काढत होतो तेवढ्यात ते अंगणात पडले. तोंडावर पडले, ओठ फुटला. आई दारात उभी होती. ते मातीत तोंड घालून शिव्या देत होते आणि मधेच म्हणत होते, "हात दे की गं." आईनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, "देऊ का रं हात?"

काकी, माझ्या मनात काय काय आलं ते मी लिहीत नाही. तो तवा आला, तुमची बोटं आली, बेंचवरचा तो बारही आला. मी म्हणालो, "तुझं तू ठरव आई." मी जागचा हललो नाही. हलायचं नाही हे मी ठरवून केलं, आणि ते बरोबर होतं की नाही हे तुम्ही सांगा.

आई घरात गेली. मला वाटलं, आता भाकरी थापायला बसेल. ती स्टूल घेऊन आली. वडिलांच्या उजव्या हाताला लागेल असं ठेवलं, आणि त्यांचा हात पोचणार नाही इतकी लांब सरकून उभी राहिली. म्हणाली, "आदी कुशीवर वळा. मग कोपरावर या. मग ह्येला धरा आन् उठा. मी हाय हितं उभी."

ते रडले. फार वेळ लागला त्यांना. पण उठले. आई स्टूल उचलून आत घेऊन गेली.

दसऱ्याला सांगलीला येतोय. बरगडी गारव्यानं दुखत असेल तर शेकत जा, आणि पाट काढून ठेवू नका. फरशीवरूनच उठताना बघायचंय मला.

तुमचा,
सर